धुराआडचे नक्षत्रलोक

उसाची तोड उरकली की फडातले पाचट, आणि कापसाची वेचणी संपली की उपटलेल्या पऱ्हाट्या पेटवून देण्याचा शिरस्ता मराठवाड्यात जुना आहे. त्यातच फाल्गुन-चैत्रात माळावरच्या वाळल्या गवतास वणवा लागला, म्हणजे जवळा बाजारसारख्या गावी अंगणात दुर्बीण मांडून आकाशाची छायाचित्रे घेऊ इच्छिणाऱ्यास निरभ्र रात्रही पारखी होते.

धुराचे बहुसंख्य कण एका मायक्रोमीटरहून लहान, म्हणजे दृश्य प्रकाशाच्या तरंगलांबीच्या जवळपासचे असतात, आणि म्हणून ते तांबड्यापेक्षा निळा प्रकाश अधिक विखुरतात. मृगातील तेजोमेघात हायड्रोजनची जी ६५६.३ नॅनोमीटरची तांबडी प्रभा आहे, ती अशा रात्रीही पुष्कळशी हाती लागते. परंतु कृत्तिकांभोवतीची निळसर आभा, जी धुळीवरून परावर्तित झालेल्या तारकाप्रकाशाची असते, ती आधी लोपते. शिवाय ही हानी दुहेरी आहे: ताऱ्यांचा प्रकाश वाटेत गळतो, आणि पेठेतील दिव्यांचा प्रकाश त्याच कणांवरून माघारी येऊन पार्श्वभूमी उजळतो, त्यामुळे एक्स्पोजर कितीही वाढविले, तरी ताऱ्यांबरोबर ही उजळणही वाढतच जाते.

धुराची पारख करावयास ध्रुवासारखा साक्षीदार नाही. येथील अक्षांश साडेएकोणीसच्या आसपास असल्यामुळे ध्रुव क्षितिजापासून तेवढ्याच अंशांवर दिसतो, आणि त्याचा प्रकाश माथ्यावरील ताऱ्याच्या मानाने सुमारे तिप्पट हवेतून येतो. ज्याच्या आधारे दुर्बिणीचा अक्ष जुळवावयाचा, तोच अंधुक झाला, की त्या रात्री क्षितिजालगतचे विषय सोडून माथ्याजवळचे घ्यावेत. मृगाचा तेजोमेघ येथे पासष्ट अंशांपर्यंत चढतो.

याच मुलखात, औंढा नागनाथजवळ, लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभी राहावयाची असून तिला केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये मंजुरी दिली. या लहरींना धुराची आडकाठी नाही. परंतु १७ ऑगस्ट २०१७ रोजी दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या मीलनाची लहर टिपली गेली, तेव्हा त्या स्थळाचा प्रकाश शोधण्याचे काम अखेर दुर्बिणींनाच करावे लागले. तेव्हा धूर टाळणेच हिताचे, आणि त्यात शेताचाही लाभ आहे: पाचट सरीतच कुजविले तर जमिनीस सेंद्रिय खत मिळते आणि ओलही टिकते. वणव्याचा बंदोबस्त वेळीच झाला तर गुरांचा चारा वाचतो. शेताच्या हिताची जी तजवीज, तीच येथील विद्यार्थ्याच्या आकाशाचीही तजवीज आहे, आणि म्हणून ती ग्रामपंचायतीच्या कारभारात आग्रहाने मांडली जावी.