दिवाळीला घरची बाईक सुरूच का होत नाही? टाकीतल्या पेट्रोलचे काय होते, समजून घ्या

दिवाळी झाली की भंडारा जिल्ह्यात गावोगावी मंडई भरते. पुण्याला, नागपूरला, हैदराबादला कामाला असलेली पोरे घरी आलेली असतात. रात्री शेजारच्या गावात दंडार किंवा नाटक पाहायला जायचे ठरते आणि छपरीत झाकून ठेवलेली बाईक बाहेर काढली जाते. किक मारून पाय दुखतात, सेल्फ मारून बॅटरी बसते, गाडी काही उठत नाही. मग शेजारची गाडी मागून आणली जाते आणि दोष पंपावरच्या पेट्रोलला दिला जातो.

पेट्रोल भरले तेव्हा ते बहुतेक वेळा ठीकच असते. बिघडते ते टाकीत, आणि तेही ठरावीक दिवसांत.

रोवणी ते दिवाळी

जुलैमध्ये रोवणी सुरू झाली की पांदण रस्ते चिखलाने भरतात. शेतात बाईक नेता येत नाही, घरात दुसरी गाडी असते, म्हणून जुनी बाजूला लागते. ती थेट दिवाळीलाच आठवते. म्हणजे तीन-साडेतीन महिने. जिल्ह्यात वर्षाला सुमारे १३०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक याच काळात येतो. गाडी बंद ठेवायला वर्षातला याहून वाईट काळ शोधून सापडणार नाही.

या काळात पेट्रोलमध्ये तीन गोष्टी घडतात. पेट्रोल हे अनेक घटकांचे मिश्रण आहे. त्यातले हलके घटक आधी उडून जातात, आणि थंड इंजिन सुरू व्हायला नेमके तेच लागतात. दुसरे, हवेतल्या ऑक्सिजनमुळे काही घटकांचा चिकट राप तयार होतो. तिसरे म्हणजे पाणी.

घट्ट बंद, थंड जागी ठेवलेले पेट्रोल सहा महिनेही टिकते. बाईकची टाकी तशी नसते. तिच्या झाकणातून हवा आत-बाहेर होतच असते, त्यामुळे एक ते तीन महिने हाच व्यवहारातला हिशोब धरावा. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो तेव्हा पत्र्याखाली उभ्या गाडीसाठी एकच महिना धरा.

इथेनॉलमुळे काय बदलले?

२०२२ मध्ये देशात पेट्रोलमध्ये सरासरी १० टक्के इथेनॉल मिसळले जाऊ लागले, २०२५ मध्ये हे प्रमाण २० टक्क्यांवर गेले. हेच ई-२० पेट्रोल. इथेनॉल उसापासून बनते तसे मक्यापासून आणि तांदळापासूनही बनते, त्यामुळे धानाच्या जिल्ह्याला ते अगदीच परके नाही.

इथेनॉल पाणी ओढून घेते. थोडे पाणी असेल तर ते पेट्रोलमध्येच विरघळून राहते आणि इंजिनातून निघून जाते, हा खरे तर फायदा. पण त्याला मर्यादा आहे. १० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलमध्ये ही मर्यादा लिटरमागे साधारण ५ मिलिलिटर, म्हणजे एक चहाचा चमचा. ई-२० मध्ये ती थोडी जास्त. मर्यादा ओलांडली की इथेनॉल आणि पाणी एकत्र होऊन पेट्रोलपासून वेगळे होतात आणि टाकीच्या तळाशी बसतात. वर उरलेल्या पेट्रोलचे ऑक्टेन घटते. तळातला थर पेटत नाही, उलट टाकी गंजवतो.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. नुसत्या दमट हवेतून एवढे पाणी टाकीत यायला बराच काळ लागतो. खरा चोर असतो टाकीचे झाकण. बऱ्याच बाईकमध्ये झाकणाभोवती साचलेले पाणी वाहून जाण्यासाठी एक बारीक छिद्र असते. ते धूळ-मातीने बुजले की पावसाचे पाणी तिथेच साचते आणि जुन्या झालेल्या रबरातून थेंब थेंब आत जाते. पावसाळ्याआधी बारीक तारेने ते छिद्र मोकळे करा आणि रबर कडक झाले असेल तर बदला. एवढ्याने निम्मा प्रश्न सुटतो.

जुन्या गाड्यांत ‘रिझर्व्ह’ला लावल्यावरच इंजिन का आचके देते, त्याचे उत्तरही इथेच आहे. रिझर्व्हचे पेट्रोल टाकीच्या तळातून येते, आणि पाणी तिथेच असते.

तुमची गाडी कोणती?

पुढचे सगळे यावर ठरते. एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ नियम आले, तेव्हापासूनच्या बहुतेक बाईक फ्युएल इंजेक्शनच्या आहेत. त्याआधीच्या बहुतेक कमी सीसीच्या गाड्यांना कार्बोरेटर आहे.

कार्बोरेटरच्या गाडीत सर्वात आधी बिघडते ते टाकीतले नव्हे, तर खालच्या वाटीतले पेट्रोल. ते असते जेमतेम काही चमचे. ते उडून जाते आणि मागे राप उरतो. त्यातल्या स्लो जेटचे छिद्र अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही बारीक असते. ते बुजले की गाडी चोक देऊनही उठत नाही. उपाय फुकटचा आहे. गाडी ठेवताना पेट्रोलचा कॉक बंद करा आणि इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवा. वाटीच्या तळाचा स्क्रू सैल करून उरलेले थेंब काढले तर आणखी चांगले.

इंजेक्शनच्या गाडीला हा उपाय लावू नका. तिचा पंप बहुधा टाकीच्या आतच असतो आणि पेट्रोलमुळेच थंड राहतो. टाकी कोरडी करून तो चालवला तर तो जळू शकतो, आणि नवा पंप म्हणजे काही हजारांचा खर्च. अशा गाडीची टाकी ताज्या पेट्रोलने जवळपास भरून ठेवा, वर दोन बोटे जागा सोडा. टाकीत हवा कमी, तर दव आणि गंजही कमी. कार्बोरेटरच्या गाडीच्या लोखंडी टाकीलाही हेच लागू आहे.

चार महिन्यांहून जास्त काळ ठेवायची असेल तर फ्युएल स्टॅबिलायझर वापरावे. बाटलीवर इथेनॉलयुक्त पेट्रोलसाठी चालते असे लिहिलेले पाहून घ्या. ते ताज्या पेट्रोलमध्ये टाकून गाडी दहा मिनिटे चालवायची, म्हणजे ते आतपर्यंत पोहोचते. बिघडलेले पेट्रोल त्याने सुधारत नाही.

घरच्यांना ‘आठवड्यातून एकदा पाच मिनिटे चालू कर’ असे फोनवर सांगण्याचा उपयोग कमी, तोटाच जास्त. जागेवरच चालवलेले इंजिन पुरेसे तापत नाही, सायलेन्सरमध्ये पाणी साचते आणि बॅटरीही भरत नाही. त्यापेक्षा पंधरा दिवसांतून एकदा कोणीतरी आठ-दहा किलोमीटर फिरवून आणावी.

आता बंदच आहे, काय करावे?

आधी बॅटरी पाहा. इंजेक्शनच्या गाडीची चावी फिरवल्यावर दोन-तीन सेकंद पंपाचा बारीक आवाज यायला हवा. तो आला नाही तर दोष बॅटरीचा किंवा फ्यूजचा असू शकतो, पेट्रोलचा नव्हे.

मग उघड्या जागी, जवळ विडी-काडी नसताना, थोडे पेट्रोल काचेच्या बाटलीत काढून दहा मिनिटे ठेवा. गढूळ दिसले किंवा दोन थर दिसले तर सेल्फ मारू नका, टाकी पूर्ण रिकामी करावी लागेल. रंग गडद आणि वास वार्निशसारखा असेल तरीही तेच. नुसते जुने, पण स्वच्छ असेल तर तेवढेच ताजे पेट्रोल मिसळून बहुतेक वेळा काम भागते.

एप्रिल २०२३ च्या आधीची गाडी असेल तर पाइप आणि वॉशरही तपासून घ्या. जुन्या वाहनांचे काही रबरी भाग २० ते ३० हजार किलोमीटरनंतर बदलावे लागू शकतात, असे पेट्रोलियम मंत्रालयानेच सांगितले आहे.

काढलेले पेट्रोल नालीत किंवा बांधीत ओतू नका. ते झाकणाच्या धातूच्या डब्यात भरून गॅरेजवाल्याला द्या. पाण्याच्या प्लास्टिक बाटलीत पेट्रोल ठेवणे कायद्यात बसत नाही आणि घरासाठी धोक्याचेही आहे. गाडी सुरू झाली तरी पहिले तीन-चार किलोमीटर दिवसाउजेडी गावाजवळच चालवून पाहा. रापाचा एखादा कण जेटपर्यंत पोहोचायला तेवढा वेळ लागतो, आणि मंडईहून परतताना रात्री दोनला रस्त्यावर मेकॅनिक मिळत नाही.