कच्चा दोरा की पिना? गोधडी शिवण्याआधीचा निर्णय

गोधडी किती नीट शिवली आहे हे वरून कळत नाही. ती उलटी करून अस्तर पाहावं लागतं. वरची ठिगळं एकसारखी, धावदोरा सरळ; पण मागे अस्तराला चुण्या पडलेल्या आणि मधेच कुठेतरी झोळ आलेला, असं बऱ्याचदा दिसतं. यात शिवणाऱ्या हाताचा दोष क्वचितच असतो. शिवायला बसण्याआधी थर जागेवर नीट धरलेले नसतात. म्हणूनच कच्च्या शिलाईला मनापासून वेळ द्यायला हवा.

आधी थर का सरकतात, ते पाहू. शिलाई मशीनचे दाते सगळ्यात खालचं कापड मागे ओढत नेतात. वरचं कापड मात्र दाबपायाखाली अडतं आणि पुढे रेटलं जातं. हाताने शिवताना दर टाक्याला कापड किंचित गोळा होतं आणि ते सैलपण सुईच्या पुढेपुढे सरकत राहतं. एका टाक्याला सुताएवढाच फरक पडतो, पण ओळ संपेपर्यंत तो बोटभर होतो. कच्ची शिलाई हे सैलपण जागोजागी अडवते, त्यामुळे ते एका ठिकाणी साचत नाही.

थर धरण्याची पद्धत कुठलीही असो, अंथरणं सारखंच. नवं सुती कापड आधी धुऊन आटवून घ्यावं. जुनी लुगडी, धोतरं आधीच आटलेली असतात. सगळ्यांना इस्त्री करावी. अस्तर वरच्या कापडापेक्षा चारी बाजूंनी ३-४ इंच मोठं ठेवावं. ते उलटी बाजू वर करून फरशीवर पसरावं आणि कडा चिकटपट्टीने चिकटवाव्यात. कापड सपाट हवं, ताणलेलं नको. ताणून चिकटवलेलं कापड पट्टी काढली की आखडतं आणि त्याच्या चुण्या पडतात. मग आतली भर घालावी आणि तळहाताने मधून कडांकडे सारखी करावी. भर जुन्या साड्यांची असेल तर काठ कापून टाकावेत, निदान काठावर काठ येऊ देऊ नये. तिथली जाडी पुढे सुईला जड जाते. शेवटी वरचं कापड सुलटी बाजू वर करून अंथरावं.

कच्चा दोरा

घरोघरीच्या गोधड्यांची ही जुनी रीत, आणि हाताने शिवणार असाल तर आजही हीच सर्वांत भरवशाची. लांब सुई आणि पांढरा किंवा फिकट सुती दोरा घ्यावा. गडद दोऱ्याचा रंग कापडाला लागू शकतो. सुरुवात मधून करायची. गोधडीच्या पूर्ण लांबीला पुरून थोडा उरेल एवढा दोरा ओवावा, पण मध्यावर गाठ न मारता निम्मा दोरा तसाच बाहेर सोडावा. उरलेल्या निम्म्याने एका कडेपर्यंत दोन-दोन इंचांचे टाके घालत जावं. मग परत मध्यावर येऊन सोडलेला दोरा सुईत ओवावा आणि दुसऱ्या कडेला जावं. अशी ओळ मधे गाठीशिवाय बसते आणि सैल कापड दोन्हीकडे बाहेर निघून जातं. फरशीवर सुईचं टोक वर काढताना बोटं दुखतात. डाव्या हातात चमचा धरून त्याच्या कडेने टोक उचललं तर काम हलकं होतं.

आधी उभ्या, मग आडव्या ओळी घालाव्यात. दोन ओळींत ४-५ इंचांचं अंतर पुरतं. ६० बाय ९० इंचांच्या गोधडीला ५ इंचांवर ओळी घातल्या तर साधारण ६० मीटर दोरा लागतो. वेळ जातो खरा, पण त्याचं मोल पुढे कळतं. गोधडी घडी करून ठेवा, महिन्याने उघडा, मांडीवर घ्या, गोल चौकटीत ताणा; थर हलत नाहीत आणि सुईला काही आडवं येत नाही. पक्की शिलाई जिथून जाणार ती रेघ मात्र कच्च्या दोऱ्याने टाळावी, नाहीतर तो टिपेत अडकतो आणि काढताना तुटतो.

सेफ्टी पिना

मशीनवर टीप मारायची असेल तर पिना सोयीच्या. टीप पुढे सरकेल तशी समोरची पीन काढता येते. किंचित बाक असलेल्या पिना मिळाल्या तर उत्तम. त्यांनी तिन्ही थर एका झटक्यात उचलले जातात. अंतर किती ठेवायचं? गोधडीवर कुठेही मूठ टेकवा. ती एखाद्या तरी पिनेला लागली पाहिजे. हे अंतर ४ इंच धरलं तर वरच्याच मापाच्या गोधडीला सव्वातीनशेहून जास्त पिना लागतात.

दोन गोष्टी कटाक्षाने पाळाव्यात. पिनेवरून टीप नेऊ नये, सुई मोडते. आणि पिना मोजून लावाव्यात, मोजून काढाव्यात. अंगावर घ्यायच्या वस्तूत एकही पीन राहता कामा नये. बाळाच्या दुपट्यात तर नाहीच. पावसाळ्यात, त्यातही कोकणातल्या दमट हवेत, लोखंडी पिनांचे गंजाचे डाग कापडावर पडतात. पितळी किंवा निकेलचा मुलामा दिलेल्या पिना वापराव्यात आणि काम लांबणार असेल तर दोराच घालावा.

चिकट फवारा

तात्पुरत्या चिकटपणाचा फवारा सगळ्यांत झटपट. थर उलगडत हातभर भागावर हलका फवारा मारायचा, वरचा थर हळूच टेकवायचा आणि हाताने सारखा करायचा. चुणी पडली तर थर उचलून पुन्हा बसवता येतो. खिडक्या उघड्या हव्यात, जवळ पेटती शेगडी नको, आणि गोधडी शिवून झाली की धुवायला हवी. लहान, पातळ, सुती कामाला तो चांगला. फुगीर पॉलिएस्टर भरीवर त्याची पकड कमी पडते, आणि महिनोन्‌महिने चालणाऱ्या हातकामात ती सुटत जाते.

कच्च्या दोऱ्याशिवाय

गोव्याला लागून असलेल्या उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दी समाजातल्या बायका कवंदी नावाच्या गोधड्या शिवतात. त्या कडेपासून सुरू करतात आणि गोल गोल फिरत मध्याकडे येतात. वरचे तुकडे शिवता शिवताच जोडत जातात. सैल झालेलं कापड सुईपुढे मोकळ्या मध्याकडे सरकतं आणि पुढचा तुकडा बसवताना ते सामावलं जातं. वरचं कापड आधीच जोडून तयार असेल तर मात्र हे जमत नाही. तेव्हा थर आधी धरायलाच हवेत आणि मधून बाहेर जायला हवं. चारी कडा आधी पक्क्या केल्या तर सैलपणाला वाट उरत नाही आणि मधे फुगा येतो.

यातून निवडीचा नियम हाती येतो: कच्चं काम पक्क्या कामावरून ठरवावं. आधी स्वतःला विचारा, मी शिवणार कशाने, किती दिवसांत आणि कुठल्या कापडावर? हाताने, सवडीने शिवणार असाल तर दोरा. मशीनवर आठवड्याभरात संपवणार असाल तर पिना. दुपट्याएवढं सुती काम मशीनवर दोन दिवसांत होणार असेल आणि वापरण्याआधी धुवायचंच असेल तर फवारा चालेल. नायलॉन, पॉलिएस्टरच्या साड्या थरांत असतील तर त्या एकमेकींवरून घसरतात. तिथे ओळींतलं अंतर ३ इंचांवर आणावं. शंका असेल तर दोराच घालावा. तो चुकला तर उसवून पुन्हा घालता येतो, आणि हात आणि मशीन या दोन्हींना तो चालतो.