चिठ्ठीविना विकले जाणारे मलम

पुणे-बंगळूर महामार्गावर, तारळी आणि कृष्णा यांच्या संगमाजवळ वसलेले उंब्रज हे कऱ्हाड तालुक्यातील बाजारगाव. वाड्यावस्त्यांवरील स्त्रिया अशा गावी बाजारहाटाला येतात, तेव्हा भाजी आणि बांगड्या यांच्याबरोबर मलमाची एखादी नळीही पिशवीत पडते. मागण्याची रीत ठरलेली असते. पिळून चपटी झालेली जुनी नळी पुढे करायची आणि ‘हेच द्या’ म्हणायचे. कोणाला ती वांगासाठी हवी असते, कोणाला मुरमांसाठी, कोणाला उसाच्या रानात घामाने उठलेल्या गजकर्णासाठी. लग्नाच्या मुलीला मात्र वर्ण उजळण्यापुरतीच हवी असते. उंब्रजचे नाव केवळ उदाहरणादाखल. सातारा-सांगलीकडील दुसरे बाजारगाव घेतल्यानेही चित्र फारसे पालटणार नाही.

या नळ्यांपैकी अनेकींत बीटामेथासोन, क्लोबेटासॉल किंवा मोमेटासोन यांसारखे स्टिरॉइड असते. ज्या कॉर्टिझोनच्या संशोधनाला १९५० साली नोबेल पारितोषिक लाभले, त्याच कुळातील ही औषधे. इसब किंवा सोरायसिस यांवर वैद्यकीय देखरेखीखाली ती मोलाची ठरतात, याविषयी वाद नाही. परंतु चेहऱ्यावर ती महिनोन्महिने चोळली म्हणजे कातडी पातळ होते, खालच्या रक्तवाहिन्या लाल जाळ्यासारख्या दिसू लागतात, पुरळ उठते, लव वाढते, ऊन सोसवत नाही. गजकर्णाची खाज थांबते खरी, पण बुरशी आतल्या आत पसरत राहते.

देशातील विविध ठिकाणच्या त्वचारोगतज्ज्ञांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत चेहऱ्याच्या तक्रारी असलेले २,९२६ रुग्ण तपासले गेले. त्यांपैकी ४३३ जण असे मलम वापरत होते आणि त्यांतील सुमारे ५९ टक्क्यांना ते वैद्यकीय पदवी नसलेल्या व्यक्तीने सुचविले होते. (शेजारीण हीच या व्यापारातील सर्वांत विश्वासू आणि बिनमोबदला दलाल!)

अर्थशास्त्राच्या दृष्टीने या वस्तूची मागणी विलक्षण आहे. सामान्यतः वस्तू निकृष्ट निघाली की गिऱ्हाईक पाठ फिरविते. येथे पहिल्या आठवड्यात चेहरा खरोखरच उजळतो. हानी उशिरा येते आणि मलम बंद केले की दाह व लाली उसळून येते. साहजिकच ‘मलम सोडल्यामुळे बिघडले’ असा समज दृढ होतो आणि नवी नळी आणली जाते. वैद्यकसेवेत विकणाऱ्याला जे ठाऊक असते ते घेणाऱ्याला नसते, हे केनेथ ॲरो यांनी १९६३ मध्येच मांडले होते. खेड्यातील स्त्रीच्या बाबतीत ही दरी अधिकच रुंद, कारण वेष्टनावरील इशारा बहुधा बारीक इंग्रजी अक्षरांत असतो.

कायदा झोपलेला आहे असेही नव्हे. त्वचेवर लावायच्या औषधांना पूर्वी चिठ्ठीच्या सक्तीतून सूट होती. ती पळवाट केंद्र सरकारने मार्च २०१८ मध्ये चौदा स्टिरॉइड मलमांपुरती बंद केली. त्याच वर्षी सप्टेंबरात ३२८ औषधमिश्रणांवर बंदी आली, तीत स्टिरॉइड, प्रतिजैविक आणि बुरशीनाशक एकत्र कालवलेली काही मलमेही होती. पण चिठ्ठी मिळवायची म्हणजे कऱ्हाडच्या त्वचारोगतज्ज्ञाकडे जाणे आले: एक रोज बुडणार, एसटीचे भाडे, तपासणीचे शुल्क आणि घरून परवानगी. या खर्चापुढे नळीची किंमत किरकोळ. जोवर हा हिशेब असाच राहील, तोवर केवळ दुकानदारावर धाड घालून विक्री फार घटेल असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. प्राथमिक आरोग्य केंद्रात ठरावीक वारी त्वचारोगतज्ज्ञ बसविणे आणि नळीवर ठळक मराठीत इशारा छापणे, ही कामे धाडीइतकी गाजणार नाहीत. पण चिठ्ठीचा खर्च आणि माहितीची दरी त्यांनीच कमी होईल.

मागणीचे मूळ मात्र लग्नाच्या बाजारात आहे. १९७५ साली देशात आलेल्या एका प्रसिद्ध प्रसाधनाने आपल्या नावातील गोरेपणाचा शब्द २०२० मध्ये गाळला. स्थळे पाहणाऱ्यांच्या अपेक्षांच्या यादीतून तो अद्याप गळलेला नाही. मलम सोडवताना तज्ज्ञ सांगतात, की काही आठवडे, कधी महिनेही, चेहरा आधी अधिकच बिघडेल आणि मग सुधारेल. नेमक्या त्याच महिन्यांत मुलीला पाहायला पाहुणे यायचे असतात.