खवलेधारी सूक्ष्मशैवाल आणि ‘लोहाफेक्स’ प्रयोग : सूक्ष्मदर्शीय अभ्यासाचे महत्त्व

प्रस्तावना :
सागरी वनस्पतिप्लवक म्हटले की सिलिकाचे कवच असलेले डायटम प्रथम डोळ्यांसमोर येतात. परंतु ध्रुवीय सागरांत कशाभिकांच्या साहाय्याने पोहणारे, अवघ्या काही मायक्रोमीटर आकाराचे शैवालही विपुल आढळतात. त्यांपैकी अनेकांच्या पेशीवर सूक्ष्म खवल्यांचे आवरण असते. या शैवालांचा हवामानबदलाच्या प्रश्नाशी असलेला संबंध एका प्रयोगाच्या आधारे स्पष्ट करणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

खवले आणि सूक्ष्मदर्शी :
फेओसिस्टिस या शैवालाच्या पोहणाऱ्या पेशीला दोन कशाभिका, हॅप्टोनिमा नावाचा आखूड धागा आणि सेंद्रिय खवले असतात. प्रकाशीय सूक्ष्मदर्शीची भेदनक्षमता सुमारे ०.२ मायक्रोमीटर असल्याने या खवल्यांवरील नक्षी तीतून दिसत नाही. त्यासाठी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शीच लागते. मेरी पार्क व आयरीन मँटन यांनी १९५० च्या दशकात याच साधनाने अशा शैवालांच्या जाती खवल्यांवरून ओळखण्याचा पाया घातला.

लोहाफेक्स प्रयोग :
गोव्यातील दोनापावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आणि जर्मनीची आल्फ्रेड वेगेनर संस्था यांनी २००९ मध्ये हा संयुक्त प्रयोग केला. नावातील ‘लोह’ हा शब्द आपलाच आहे. वजीह नक्वी आणि व्हिक्टर स्मेटाचेक यांच्या नेतृत्वाखाली ‘पोलारस्टर्न’ जहाजावरून दक्षिण महासागरातील सुमारे ३०० चौरस किलोमीटर क्षेत्रात लोहक्षार मिसळण्यात आले. लोहामुळे शैवाल वाढेल, ते हवेतील कार्बन शोषेल आणि मृत शैवालाबरोबर तो कार्बन खोल समुद्रात जाईल, अशी ही संकल्पना होती. पर्यावरणीय परिणामांच्या शंकेमुळे प्रयोगास विरोध झाला. तज्ज्ञांच्या परीक्षणानंतरच जर्मन शासनाने संमती दिली.

प्रत्यक्षात शैवाल वाढले, पण अपेक्षित डायटम वाढले नाहीत. त्या पाण्यात कवचासाठी लागणारे सिलिका अत्यल्प होते. फेओसिस्टिसच्या सुट्या पेशींसह लहान कशाभिकाधारी शैवालांचे प्राबल्य राहिले. कोपेपॉड या प्राणिप्लवकांच्या चरण्यामुळे ही वाढ मर्यादित राहिली आणि खोल समुद्रात जाणाऱ्या कार्बनात लक्षणीय भर पडली नाही. म्हणजेच लोह किती घातले याइतकेच, वाढले ते शैवाल कोणते, हेही निर्णायक ठरले. केवळ क्लोरोफिल मोजून हे उलगडले नसते.

समारोप :
वरसावे येथील खाडीचे पाणी ध्रुवीय नाही. तेथील शैवालेही वेगळी असणार. तरीही या उदाहरणातील धडा आपल्या प्रयोगशाळेस लागू पडतो. विद्यार्थी बहुधा ठळक दिसणारे डायटम मोजतात आणि पोहणारे लहान ठिपके नोंदीतून वगळतात. शिवाय आयोडीनच्या द्रावणात साठवलेल्या नमुन्यातील नाजूक पेशींचा आकार बदलतो, कशाभिका गळून पडू शकतात. म्हणून ताजा नमुना आधी पाहावा, आणि ज्यांची ओळख पटत नाही त्यांचीही ‘अनोळखी कशाभिकाधारी’ अशी स्वतंत्र गणना ठेवावी. जे ओळखता येत नाही त्याची प्रामाणिक नोंद हीच पुढील संशोधनाची पहिली पायरी होय.