शेतीसाहाय्याची परीक्षा : शेजारचें गांवही मोजावें

दुष्काळपीडितांस धान्य वांटलें तर तें किती घरीं पोंचलें, हें वही दाखविते. परंतु पुढें दुष्काळाची झळच लागूं नये म्हणून बी, खत व विहिरी यांवर जो पैसा लागतो, त्याचा हिशेब इतका सोपा नाहीं. खताचीं पोतीं किती गेलीं हें वहींत असतें. त्यामुळें शेतकऱ्याच्या घरीं काय उरलें, हें नसतें. उदार दात्यांनीं हा भेद ध्यानीं घ्यावा, म्हणून आफ्रिका खंडांतील एक उदाहरण आम्ही येथें देत आहों.

सन २००४ मध्यें पश्चिम केनियांतील सौरी येथें 'मिलेनियम व्हिलेजेस' ही योजना सुरू झाली. अर्थशास्त्रज्ञ जेफ्री सॅक्स हे तिचे पुरस्कर्ते. पुढें दहा देशांत ती पसरली. सुधारलेलें बियाणें, खत, दवाखाना, मच्छरदाण्या, शाळेंतील जेवण अशी सर्व मदत एकदम देऊन गांव दारिद्र्यांतून वर काढावें, हा हेतु होता. मक्याचें पीक वाढलें, आणि चालकांनीं पूर्वींचे व नंतरचे आंकडे प्रसिद्ध केले.

२०१० सालीं मायकेल क्लेमेन्स व गॅब्रिएल डेमोम्बिन्स या अर्थशास्त्रज्ञांनीं एक साधा प्रश्न केला : योजना नसलेल्या मुलखांत याच काळांत काय झालें ? सौरींत मोबाइल बाळगणारीं घरें झपाट्यानें वाढलीं हें खरें. पण तशींच तीं साऱ्या केनियांत वाढलीं होतीं. ज्या वर्षीं साऱ्या तालुक्यावर पाऊस चांगला पडतो, त्या वर्षीं एकाच शेताची रास दाखवून बियाण्याची थोरवी सांगणें रास्त नव्हे; बांधापलीकडची रासही पाहिली पाहिजे. बालमृत्यु देशाच्या तिप्पट वेगानें घटल्याचा दावा २०१२ सालीं 'लॅन्सेट'मध्यें छापला गेला. चूक उघड झाल्यावर लेखकांस तो मागें घ्यावा लागला.

योजना २०१५ मध्यें संपली. अखेरच्या परीक्षणासाठीं तुलनेचीं गांवें मागाहून निवडावीं लागलीं. २०१८ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्या परीक्षणांत ४० पैकीं ३० बाबींत योजनेचीं गांवें सरस ठरलीं, शेती व आरोग्य यांत विशेष. परंतु घरखर्चावरून मोजलेल्या दारिद्र्यांत लक्षणीय फरक आढळला नाहीं. उत्तर घानांत मात्र २०१२ मध्यें, कामाच्या आरंभींच, शेजारचीं गांवें मोजणींत घेतलीं होतीं. तेथें साधलेला लाभ झालेल्या खर्चाच्या मानानें तोकडा ठरला.

यावरून मदत व्यर्थ, असें कोणीं समजूं नये. पिकणें निराळें व उरणें निराळें, इतकाच याचा बोध. मोजणीवर खर्च म्हणजे उपाशी माणसाच्या तोंडचा घास काढणें, असा आक्षेप येतो, व तो हलका नाहीं. परंतु तराजूचा खर्च कोणताही व्यापारी तोटा मानीत नाहीं. निधि सर्वांस पुरत नसल्यानें कांहीं गांवें मागें राहतातच. त्यांची मोजदाद केल्यानें त्यांचा घास जात नाहीं, उलट पुढील वर्षीं त्यांस काय द्यावें हें कळतें.

म्हणून शेतीसुधारणेस देणगी देतांना दात्यांनीं तीन गोष्टी अवश्य विचाराव्या : काम सुरू होण्यापूर्वीं मोजणी झाली काय, मदत न मिळालेलीं तशींच गांवें मोजलीं काय, मोजणारा वांटणाऱ्याहून निराळा आहे काय. आणि देणगीचा कांहीं अंश या कामीं लावण्याची अनुज्ञा द्यावी, ही नम्र विनंति.