जिंगल बेल्सच्या पलीकडे : मित्रांसाठी नाताळची हटके प्लेलिस्ट कशी बनवायची?

डिसेंबर लागला की मॉलमध्ये, कॅफेत, ऑफिसच्या पार्टीत तीच चार-पाच गाणी सुरू होतात. २५ तारीख येईपर्यंत 'जिंगल बेल्स' आणि 'लास्ट ख्रिसमस' ऐकून कान किटलेले असतात. मग ग्रुपवर कोणीतरी म्हणतंच, यंदा जरा वेगळं काहीतरी लावा राव.

पण वेगळं म्हणजे काय? नुसती विचित्र गाणी गोळा केली तर दोन गाण्यांनंतर लोक कंटाळतात. चांगल्या हटके गाण्यांची खासियत दुसरीच आहे. नेहमीची गाणी गृहीत धरतात की सगळे घरी आहेत, सगळे खुश आहेत आणि बाहेर बर्फ पडतोय. हटके गाणी मात्र घरी पोहोचू न शकलेल्यांनाही जागा देतात. मित्रांसाठी प्लेलिस्ट बनवताना हीच गोष्ट कामाला येते, कारण प्रत्येक ग्रुपमध्ये सणाच्या दिवशी एकटा असणारा एक जण असतोच.

आधी नेहमीच्या गाण्यांची गंमत

'जिंगल बेल्स' हे गाणं जेम्स पिअरपॉन्ट यांनी १८५७ साली 'वन हॉर्स ओपन स्ले' या नावाने प्रसिद्ध केलं. त्यात नाताळचा उल्लेखच नाही. घोडा जुंपलेल्या बर्फगाडीतून तरुण मंडळी हुंदडतायत, एवढाच विषय आहे.

'व्हाइट ख्रिसमस' हे बिंग क्रॉस्बी यांनी गायलेलं आणि १९४२ साली आलेलं गाणं. गिनेस बुकच्या अंदाजानुसार त्याच्या सुमारे ५ कोटी प्रती विकल्या गेल्या. ते लिहिणारे आयर्विंग बर्लिन हे रशियन साम्राज्यातून अमेरिकेत आलेल्या ज्यू कुटुंबातले. त्यांचा जेमतेम तीन आठवड्यांचा मुलगा १९२८ साली नेमका २५ डिसेंबरलाच गेला होता. दुसऱ्या महायुद्धात हे गाणं घरापासून दूर असलेल्या अमेरिकन सैनिकांनी उचलून धरलं. म्हणजे सगळ्यात लोकप्रिय गाण्यातही मूळ भावना आहे ती घरच्या आठवणीची. हटके गाणी हीच भावना जरा उघडपणे बोलतात.

सुरुवात हसवणाऱ्या गाण्यांनी करा

पहिल्याच गाण्याला रडवलं तर लोक प्लेलिस्ट बंद करतील. त्यामुळे सुरुवात 'आय वॉन्ट अ हिप्पोपोटॅमस फॉर ख्रिसमस'ने करा. १९५३ साली १० वर्षांच्या गेला पीवी या मुलीने ते गायलं. तिला नाताळला बाहुली-बिहुली नको, थेट पाणघोडा हवाय. गाणं एवढं गाजलं की तिच्या ओक्लाहोमा सिटीत लहान मुलांनी पैसे जमवले आणि तिला खरंच माटिल्डा नावाचं पाणघोड्याचं पिल्लू मिळालं. तिने ते शहराच्या प्राणिसंग्रहालयाला देऊन टाकलं.

त्यानंतर रन-डीएमसीचं 'ख्रिसमस इन हॉलिस' लावा. हे १९८७ सालचं रॅप गाणं आहे आणि हॉलिस म्हणजे न्यूयॉर्कच्या क्वीन्समधली या पोरांची वस्ती. इथे नाताळ म्हणजे आईच्या हातचं जेवण. 'डाय हार्ड' सिनेमात लिमोझिनमध्ये वाजतं ते हेच. तिसरं घ्या बॉब डिलनचं २००९ सालचं 'मस्ट बी सांता'. गंभीर कवी म्हणून ज्यांना आपण ओळखतो ते डिलन इथे अ‍ॅकॉर्डियनच्या तालावर सुसाट सुटलेत.

मग गोष्ट सांगणारी गाणी

द वेट्रेसेस या बँडचं १९८१ सालचं 'ख्रिसमस रॅपिंग' एका दमलेल्या मुलीची गोष्ट सांगतं. वर्षभर एका मुलाची भेट हुकत राहते आणि शेवटी ती ठरवते, यंदाचा सण एकटीनेच घालवायचा. पुढे काय होतं ते ऐकूनच बघा. शीर्षकात कोटी आहे. गिफ्टचं रॅपिंग आणि रॅप गाण्यातलं रॅपिंग, दोन्ही.

जोना लुईचं १९८० सालचं 'स्टॉप द कॅव्हलरी' हे खरं तर युद्धविरोधी गाणं. आघाडीवरच्या सैनिकाला घरी जायचंय आणि त्याच्या बोलण्यात नाताळचा उल्लेख येतो. तेवढ्यावर आणि ब्रास बँडच्या सुरावर ब्रिटनमध्ये ते नाताळचं गाणं होऊन बसलं.

आता जरा जड गाणी

जोनी मिचेल यांचं 'रिव्हर' (१९७१) पियानोवर 'जिंगल बेल्स'ची धून वाजवत सुरू होतं, पण सूर उदास होत जातो. आजूबाजूला सणाची तयारी चाललीये आणि हिचं नातं तुटलंय. सायमन अँड गार्फंकल यांनी १९६६ साली 'सायलेंट नाइट' गाताना मागे रेडिओच्या बातम्या वाजवल्या. प्रार्थना चालू राहते आणि व्हिएतनाम युद्धासारख्या बातम्यांचा आवाज हळूहळू वाढत जातो. दोन मिनिटांचंच गाणं आहे, पण खोलीतली बडबड थांबते.

आणि मग ऑस्ट्रेलियाच्या पॉल केली यांचं 'हाऊ टू मेक ग्रेव्ही' (१९९६). तुरुंगातला जो आपला भाऊ डॅनला पत्र लिहितोय. पत्रावर तारीख आहे २१ डिसेंबर. यंदा तो घरी नसणार, मग जेवणात ग्रेव्ही कोण करणार, ही त्याची काळजी. तो पत्रात रेसिपीही देतो, अगदी टोमॅटो सॉससकट. गाण्याला ध्रुवपदच नाही, पत्र जसं पुढे सरकतं तसं गाणं सरकतं. ऑस्ट्रेलियात आता २१ डिसेंबर हा 'ग्रेव्ही डे' म्हणून ओळखला जातो. तिकडे डिसेंबर म्हणजे भर उन्हाळा. त्यामुळे बर्फ न बघितलेल्या मुंबई-पुण्याच्या पोरांना हा नाताळ जास्त जवळचा वाटू शकतो.

शेवट कुठे करायचा?

जड गाण्यावर सोडून देऊ नका. द पोग्स आणि कर्स्टी मॅकॉल यांचं 'फेअरीटेल ऑफ न्यूयॉर्क' (१९८७) इथे बसतं. नाताळच्या आदल्या रात्री कोठडीत पडलेला एक दारुडा जुन्या प्रेमाची आठवण काढतो. दोघं एकमेकांना शिव्या घालतात आणि त्या शिव्यांच्या आडूनच माया दिसते. ब्रिटनमध्ये त्या वर्षी ते दुसऱ्या क्रमांकावर अडकलं, तरी आजही दर डिसेंबरला वाजतं. गायक शेन मॅकगोवन यांचा जन्म २५ डिसेंबरचा. २०२३ साली त्यांच्या अंत्यविधीत हे गाणं वाजलं तेव्हा लोक चर्चमध्येच नाचले. फक्त घरात लहान मुलं असतील तर शिव्यांचं भान ठेवा.

अगदी शेवटी डेव्हिड बोवी आणि बिंग क्रॉस्बी यांचं 'पीस ऑन अर्थ/लिटल ड्रमर बॉय'. रेकॉर्डिंग सप्टेंबर १९७७ मधलं. बोवींना 'लिटल ड्रमर बॉय' आवडत नव्हतं, म्हणून त्यांच्यासाठी ऐनवेळी वेगळी चाल आणि शब्द रचले गेले. साधारण महिन्याभरानंतर क्रॉस्बी गेले आणि कार्यक्रम त्यानंतर दाखवला गेला. दोन पिढ्या, दोन टोकं, एक गाणं.

बनवताना एवढं लक्षात ठेवा

ही झाली दहा गाणी, साधारण ३५ ते ४० मिनिटं. मित्र पूर्ण ऐकतील एवढीच लांबी ठेवा.

क्रम तुम्ही विचार करून लावलाय, त्यामुळे 'शफल करू नका' असं आधीच सांगा. १९५० च्या दशकातली रेकॉर्डिंग्ज आताच्या गाण्यांपेक्षा हळू वाजतात. अ‍ॅपच्या सेटिंगमध्ये आवाजाची पातळी समान ठेवायचा पर्याय असेल तर तो सुरू करा. दोन गाणी एकमेकांत मिसळणारा पर्याय मात्र बंद ठेवा, नाहीतर बातम्यांवर पाणघोडा येऊन आदळायचा.

सगळ्यात महत्त्वाचं, प्रत्येक गाण्यासोबत दोन ओळी लिहून पाठवा. सुफियान स्टीव्हन्स हा अमेरिकन गायक २००१ पासून मित्र आणि घरच्यांना भेट म्हणून नाताळची गाणी रेकॉर्ड करायचा. २००६ साली त्यातूनच ४२ गाण्यांचा संच बाजारात आला. आपल्याला गाता येत नसेल तर निवडता तर येतं. हे गाणं का घेतलं आणि कोणाची आठवण आली म्हणून घेतलं, एवढं लिहिलंत तरी नुसत्या लिंकची भेट होते.

पाठवायला २१ डिसेंबर हा दिवस चांगला आहे. आणि ग्रुपमधला जो यंदा सुट्टी न मिळाल्याने कुठेतरी एकटा असेल, त्याला लिंक ग्रुपवर नको, वेगळी पाठवा.