संदेशवहनातील प्रवेशजाल

प्रवेशजाल : ग्राहकाजवळचे अंतिम साधन (दूरध्वनी, संगणक, वजनकाट्याला जोडलेले उपकरण इ.) आणि संदेशवहन संस्थेचे मुख्य जाल यांना जोडणारे शेवटच्या टप्प्यातील दुवे, त्या दुव्यांच्या दोन्ही टोकांची साधने आणि त्यांवर देखरेख ठेवणारी यंत्रणा यांना मिळून प्रवेशजाल म्हणतात. व्यवहारात अ‍ॅक्सेस नेटवर्क हा शब्द रूढ आहे. हा टप्पा लांबीने थोडा, काही मीटरांपासून साधारणतः २० किमी. पर्यंतचा असतो, परंतु तो घरोघर न्यावा लागत असल्याने जालाच्या एकूण खर्चाचा फार मोठा वाटा त्याच्यावरच पडतो. दुवा तांब्याच्या तारांच्या जोडीचा, प्रकाशतंतूचा, रेडिओ तरंगांचा किंवा उपग्रहामार्फत असू शकतो. दुवा कोणताही असला, तरी प्रवेशजालाची मांडणी व नियंत्रण एकाच पद्धतीने करता यावे यासाठी झालेले प्रमाणीकरण हा प्रस्तुत नोंदीचा विषय आहे.

या प्रमाणीकरणाची गरज का भासते, हे समजण्यासाठी कोल्हापूर जिल्ह्यातील एक उदाहरण उपयोगी पडते. पन्हाळा तालुक्यातील वारणानगर येथे तात्यासाहेब कोरे यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या सहकारी उद्योगसमूहाच्या परिसरात १९९८ मध्ये ‘वायर्ड व्हिलेज’ प्रकल्प सुरू झाला. केंद्र सरकारचे राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र, महाराष्ट्र शासन आणि वारणा समूह यांनी मिळून कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांतील सुमारे ७० गावे त्यासाठी निवडली. गावातील केंद्रावर संगणक ठेवून उसाची नोंद, तोडणीची पाळी, कारखान्यावर झालेले वजन व बिलाची रक्कम ही माहिती शेतकऱ्याला गावातच मिळावी, असा हेतू होता. एरवी एका वजनपावतीसाठी शेतकऱ्याला गट कार्यालयात किंवा कारखान्यावर खेपा घालाव्या लागत. उपग्रही स्थानक आणि दूरध्वनीवरील जोड हे या व्यवस्थेचे दुवे होते. पुढे मायक्रोसॉफ्ट रिसर्च इंडिया या संस्थेच्या संशोधकांना असे आढळले, की संगणकांचा उपयोग प्रत्यक्षात मुख्यतः उसासंबंधीच्या थोड्या अक्षरी माहितीची देवघेव करण्यापुरताच होत होता. तेव्हा सात गावांत आठ महिने संगणकाऐवजी भ्रमणध्वनीवरील लघुसंदेशांचा प्रयोग करण्यात आला. त्याचा वृत्तांत २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. शेतकऱ्यांनी या प्रयोगाचे स्वागत केले आणि खर्चही कमी आला.

येथे लक्षात घेण्यासारखी गोष्ट अशी, की शेतकऱ्याचा प्रश्न बदलला नव्हता आणि कारखान्याकडील उत्तरही बदलले नव्हते. बदलला होता तो फक्त मधला दुवा. तरीही संदेश पाठविण्याची रीत, विचारणाऱ्याची ओळख पटविण्याची सोय व मध्यवर्ती संगणकाशी जुळणी या साऱ्यांची उभारणी नव्याने करावी लागली. रोमन लिपीत १६० आणि देवनागरीत अवघी ७० वर्णचिन्हे मावणाऱ्या लघुसंदेशाच्या मापात सगळी माहिती बसवावी लागली, हे आणखी वेगळे. दुवा बदलला की त्यावरील सर्व इमारत पाडून पुन्हा बांधायची, ही स्थिती मोठ्या दूरसंचार कंपनीला परवडू शकते. सहकारी संस्थेला किंवा ग्रामपंचायतीला ती परवडत नाही.

दुव्यांचे स्वभाव : दुवे केवळ वेगाने भिन्न नसतात, तर त्यांचा सामाईक वापर करण्याच्या रीतीही मुळात वेगळ्या असतात. तांब्याच्या तारांची जोडी प्रत्येक ग्राहकाची स्वतंत्र असते, परंतु अंतर वाढेल तसा तीमधील संकेत क्षीण होतो व वेग घटतो. शाखायुक्त प्रकाशतंतुजालात (जीपॉन) एका तंतूचे विभाजकाद्वारे ३२ किंवा ६४ फाटे काढलेले असतात. केंद्राकडून येणारा सेकंदाला सुमारे २·५ अब्ज द्विमान अंकांचा प्रवाह सर्वांकडे जातो व ज्याने त्याने आपला भाग उचलून घ्यावयाचा असतो. उलट दिशेने मात्र केंद्रातील साधन प्रत्येकाला बोलण्याची वेळ ठरवून देते. कारखान्याने तोडणीची पाळी लावून द्यावी, तसा हा प्रकार आहे. वायफायमध्ये अशी पाळी सहसा नसते. प्रत्येक साधन आधी कानोसा घेते, माध्यम मोकळे दिसले तर बोलते आणि दोघे एकदम बोलले तर थोडे थांबून पुन्हा प्रयत्न करते. भ्रमणध्वनीच्या मनोऱ्यावरील साधन हे परवानाप्राप्त कंप्रतापट्टाचे काटेकोर वाटप करते. भूस्थिर उपग्रह विषुववृत्तावर सुमारे ३५,७८६ किमी. उंचीवर असल्याने प्रश्न जाऊन उत्तर येण्यास निदान अर्धा सेकंद लागतो, आणि कोणत्याही युक्तीने हा विलंब टळत नाही.

या भिन्नतेमुळे प्रत्येक दुवा-तंत्राबरोबर त्याची स्वतःची नियंत्रणपद्धती जन्माला आली. प्रकाशतंतुजालाच्या व्यवस्थापनासाठी आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने वेगळी शिफारस केली, तांब्याच्या तारांवरील जालासाठी ब्रॉडबँड फोरम या संघटनेने वेगळे अहवाल काढले आणि भ्रमणध्वनीसाठी ३जीपीपी या संघटनेने संपूर्ण वेगळी रचना सिद्ध केली. यामागे केवळ तांत्रिक अपरिहार्यता होती असे नाही. नियंत्रणाची आज्ञावली आणि साधन एकाच उत्पादकाचे असले, की ग्राहकसंस्था त्याच उत्पादकाशी बांधली जाते. हा व्यापारी हिशेबही या भिन्नतेला पोसत आला आहे.

समान कार्ये : दुवा कोणताही असो, त्यावरून एखाद्या साधनाने जालात प्रवेश करावयाचा झाल्यास काही ठराविक कामे करावीच लागतात. उपलब्ध जाले शोधून त्यांतील एक निवडणे, त्याच्या जोडणीबिंदूशी संबंध जोडणे, साधनाची ओळख पटवून परस्परविश्वास प्रस्थापित करणे, माहिती वाहून नेण्याचा मार्ग आखणे, सेवेचा दर्जा ठरविणे, साधन हलल्यास तो मार्ग दुसऱ्या जोडणीबिंदूवर सरकविणे, वापराची नोंद ठेवणे, बिघाड शोधणे आणि अखेरीस मार्ग मोडून टाकणे, अशी ही कामे आहेत. ही यादी नजरेखालून घातली असता त्यांतील फारच थोडी कामे दुव्याच्या भौतिक स्वरूपावर अवलंबून असल्याचे दिसून येते. दुव्याशी निगडित भाग खाली ठेवून उरलेला भाग सर्वांना सामाईक करणे, हेच प्रमाणीकरणाचे मूळ तत्त्व होय.

आय-ट्रिपल-ई या अभियंत्यांच्या संस्थेची ८०२ क्रमांकाची समिती फेब्रुवारी १९८० मध्ये प्रथम भरली. तिने तारेवरील ईथरनेट (८०२·३), बिनतारी स्थानिक जाल (८०२·११, १९९७), वायमॅक्स (८०२·१६, २००१), दूरचित्रवाणीच्या रिकाम्या पट्टांतील प्रादेशिक बिनतारी जाल (८०२·२२, २०११) अशी एकामागून एक मानके प्रसिद्ध केली. या सर्वांत ४८ अंकी पत्ता व माहितीच्या चौकटींची सर्वसाधारण ठेवण समान होती. परंतु त्यांपासून पूर्ण प्रवेशजाल कसे उभारावे, हे कोणत्याही एका मानकात सांगितलेले नव्हते. परिणामी ज्याने त्याने आपापली रचना केली. वायमॅक्सच्या पुरस्कर्त्यांनी तर त्यासाठी स्वतंत्र मंचाकरवी स्वतःची जालरचना तयार करून घेतली. पुढे हे तंत्र मागे पडले, तेव्हा ती रचनाही जवळजवळ निरुपयोगी झाली.

ही उणीव भरून काढण्यासाठी ८०२·१सीएफ हे मानक तयार झाले व ते २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. यात नवे दुवा-तंत्र नाही किंवा नवा संकेतही नाही; आहे ती एक संदर्भ-प्रतिकृती. तीनुसार ग्राहकाचे साधन, प्रवेशजाल आणि पुढे जगाशी जोडणारा मार्गयोजक (राउटर) असे तीन मुख्य घटक मानले आहेत. प्रवेशजालाच्या आत पुन्हा जोडणीबिंदू, ते एकत्र आणणारा पृष्ठवाहक मार्ग (बॅकहॉल) आणि नियंत्रक असे भाग पडतात. ग्राहकांची नोंद ठेवणारी सेवा आणि जालव्यवस्थापन सेवा प्रवेशजालाच्या बाहेर ठेवल्या आहेत. या घटकांमधील सीमांना संदर्भबिंदू म्हणतात आणि कोणत्या संदर्भबिंदूवरून कोणती माहिती जावी हे मानकात वर्णिलेले आहे. माहिती वाहून नेणारा मार्ग आणि त्यावर हुकमत चालविणारी यंत्रणा यांची फारकत हा या प्रतिकृतीचा गाभा होय. एकाच भौतिक जालावर अनेक संस्थांची स्वतंत्र आभासी जाले उभारण्याची सोयही तीत विचारात घेतली आहे. म्हणजे गावात आलेला एकच तंतू दूध संघ, साखर कारखाना व शाळा यांना परस्परांत न मिसळता वापरता येऊ शकेल. एकाच विजेच्या खांबावर चौघांच्या चार तारा लोंबत असल्याचे दृश्य ज्यांच्या परिचयाचे आहे, त्यांना या सोयीचे मोल वेगळे सांगण्याची गरज नाही.

अडचणी : समानतेला मर्यादाही आहेत, आणि या विषयावरील प्रचारात्मक लिखाणात त्यांचा उल्लेख बहुधा गाळला जातो. सेवेच्या दर्जाचे उदाहरण घेता येईल. ईथरनेटच्या चौकटीत अग्रक्रमाच्या आठ पातळ्या दर्शविता येतात, तर वायफायमध्ये प्रवेशाचे चारच वर्ग आहेत. तेव्हा दोन-दोन पातळ्या एकेका वर्गात कोंबाव्या लागतात. प्रकाशतंतुजालात एखाद्या ग्राहकासाठी ठराविक वेग राखून ठेवता येतो. वायफायच्या खुल्या पट्टात मात्र शेजाऱ्याचे साधन केव्हा बोलेल हे नियंत्रकाच्या हाती नसल्याने अग्रक्रम देता येतो, हमी देता येत नाही. म्हणून चांगला सामाईक नियंत्रक सरसकट आज्ञा सोडत नाही. तो प्रथम त्या त्या दुव्याला त्याची क्षमता विचारतो आणि मिळालेल्या उत्तराच्या मर्यादेत वाटप करतो. हा विचारविनिमय जितका तपशीलवार तितका नियंत्रक गुंतागुंतीचा होतो, आणि जितका ढोबळ तितकी दुव्याची खरी गुणवत्ता वाया जाते. यातील सुवर्णमध्य अद्याप सर्वमान्य झालेला नाही.

भ्रमणध्वनीच्या बाजूनेही असेच प्रयत्न झाले आहेत. पाचव्या पिढीच्या पहिल्या प्रमाणसंचात (२०१८) वायफायसारख्या परक्या दुव्यावरून येणाऱ्या साधनालाही त्याच गाभाजालात घेण्याची तरतूद करण्यात आली. त्यानंतरच्या संचात (२०२०) ब्रॉडबँड फोरमच्या सहकार्याने तारेवरील व तंतूवरील ग्राहकांचाही समावेश झाला. मात्र या रचनेत सर्व सूत्रे दूरच्या गाभाजालाकडे राहतात.

महाराष्ट्रातील कार्य : याबाबतीत मुंबईच्या भारतीय तंत्रविज्ञान संस्थेत (आयआयटी) अभय करंदीकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेले काम महत्त्वाचे आहे. भारतात भूस्थित दूरचित्रवाणी प्रक्षेपण केवळ दूरदर्शन करीत असल्याने ४७०–५९० मेगॅहर्ट्‌झ या पट्टातील १५ वाहिन्यांपैकी किमान १२ जवळजवळ सर्वत्र रिकाम्या असतात, असे त्यांच्या २०१४ मधील अभ्यासात दिसून आले. या कंप्रतेचे तरंग झाडी व चढउतार यांतून वायफायच्या मानाने अधिक दूर पोहोचतात. त्यांचा उपयोग करून पालघर जिल्ह्यातील खामलोली परिसरात ‘ग्राममार्ग’ प्रकल्पाखाली एक चाचणीजाल उभारण्यात आले. तंतू जेथे संपतो तेथून गावापर्यंतचा मधला टप्पा या रिकाम्या पट्टातून पार करावयाचा आणि गावात वायफाय पुरवायचे, अशी ही योजना होती. या प्रकल्पास २०१७ मध्ये मोझिला संस्थेच्या ‘इक्वल रेटिंग’ स्पर्धेत पहिले पारितोषिक मिळाले. तीन वेगवेगळे दुवे एका माळेत ओवल्यावर त्यांचे नियंत्रण कोणी व कसे करावयाचे हा प्रश्न साहजिकच पुढे आला. निरनिराळ्या बिनतारी जालांवर एकाच आज्ञावलीद्वारे हुकमत ठेवण्यासंबंधीची १९३०·१ ही आय-ट्रिपल-ईची शिफारस (२०२२) आणि स्वस्त ग्रामीण जालाच्या रचनेविषयीचे २०६१ हे मानक (२०२४) ही या विचाराची फळे होत.

२०६१ या मानकात दूरवर पोहोचणारा एक मोठा मनोरा आणि वस्त्यांतील वायफायचे पुंजके यांची सांगड एकाच प्रवेशजाल-नियंत्रकाखाली घातली आहे. ग्रामीण ग्राहक बहुधा एका जागी बसून किंवा पायी चालत जाल वापरतो. वेगाने धावणाऱ्या वाहनातील साधनाला लागणारी खर्चिक व्यवस्था त्याच्यावर लादण्याचे कारण नाही, हे गृहीत त्यामागे आहे. गाभाजालाला वळसा घालून प्रवेशजालातूनच थेट इंटरनेटकडे जाण्याची मुभाही त्यात आहे.

नियंत्रण कोठे ठेवावे : केंद्र सरकारने २०११ मध्ये मंजूर केलेल्या व पुढे भारतनेट असे नाव मिळालेल्या योजनेत तालुक्याच्या ठिकाणापासून ग्रामपंचायतीपर्यंत प्रकाशतंतू नेण्यात आले. पहिल्या टप्प्यातील मांडणी मुख्यतः रेषीय, शाखायुक्त तंतुजालाची होती. अशा मांडणीत रस्त्याच्या कामात एका जागी तंतू तुटला, की पुढील सर्व गावे तुटतात. म्हणून २०२३ मध्ये मंजूर झालेल्या सुधारित कार्यक्रमात वलयाकार मांडणी स्वीकारण्यात आली. तथापि वलयालाही पुरेसे मानता येत नाही. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात पुणे-बंगळूर महामार्ग कोल्हापूरजवळ काही दिवस बंद होता. २०२१ च्या जुलैतही तसेच घडले. अशा वेळी वीज नसते, मनोऱ्यावरील विजेरी संच काही तासांत संपतात आणि दुरुस्ती पथक गावापर्यंत पोहोचू शकत नाही. गगनबावडा, शाहूवाडी, राधानगरी या अतिवृष्टीच्या तालुक्यांत दरडीही कोसळतात. अशा गावात तंतू, उपग्रह आणि रेडिओ असे तिन्ही दुवे असून त्यांची नियंत्रणे परस्परांना अनोळखी असली, तर एक तुटल्यावर दुसऱ्याकडे वळणे हे माणसाने हाताने करावयाचे काम ठरते, आणि ते माहीत असलेला माणूस त्या वेळी गावात असेलच असे नाही.

सामाईक नियंत्रक हे वळण आपोआप घेऊ शकतो. मात्र तो मुंबईत किंवा पुण्यात बसलेला असेल आणि त्याच्याकडे जाणारा मार्गच तुटला असेल, तर शेजारच्या घरातील दोन साधनेही एकमेकांशी बोलू शकत नाहीत, कारण त्यांची ओळख पटविणारे कोणी उरत नाही. यास्तव नियंत्रणाचे किमान काही अधिकार प्रवेशजालातच, म्हणजे गावाच्या किंवा तालुक्याच्या पातळीवर, ठेवण्याकडे अलीकडील रचनांचा कल आहे. तसे केल्यास बाहेरचा संबंध तुटला, तरी ग्रामपंचायत, प्राथमिक आरोग्य केंद्र व निवारा छावणी यांच्यातील संदेशवहन गावातल्या गावात चालू राहू शकते.